अळंबीवरचा आळ

दादा, मी दमले रे. रडून नाही, सांगून सांगून. तू गेल्यापासून आपल्या लासुर्ण्याच्या घरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस ओट्यावर टेकतं, डोळ्याला पदर लावतं, पाणी पितं आणि मग आवाज खाली आणून विचारतं, "अळंबीनं गेलं म्हनं?" की मी सुरू होते. नाही हो, अळंबीनं नाही, पायाला जखम झाली होती, त्यातून जिवाणू रक्तात गेले. समोरचं माणूस मान हलवतं. "व्हय का? असंल बाई." आणि जाताना फाटकाशी दुसऱ्याला सांगतं, "अळंबी बाधली."

आपल्या आत्याचं तर विचारूच नकोस. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाठ लावून बसली होती. "कुत्र्याच्या छत्र्या खात्यात व्हय कुणी? कितींदा सांगितलं, ऐकलं न्हाय." मी म्हटलं, आत्या, आमच्या लहानपणी तू आमच्या ताटातल्या फोडी उचलून खायचीस. तर म्हणते, "तवाची अळंबी येगळी व्हती."

आत्या बडबडायची त्याचं मला काही नव्हतं. पण ती जे बोलायची ते आत बसलेल्या वहिनीला ऐकू जायचं. ती भाजी वहिनीनं रांधली होती. तू मोठ्या हौसेनं टोपलं भरून आणलंस, तिनं कांदा-खोबरं वाटून रस्सा केला, तू दोनदा मागून खाल्लास, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या. त्यानंतर तिनं चुलीला हात लावला नव्हता. "माझ्या हातचं खाऊन गेलं," एवढंच एकदा म्हणाली. साधा चहासुद्धा करत नव्हती. भावकीतून सुतकाचा कडू घास आला, तो तुझ्या संतोषनं खाल्ला, मी खाल्ला, वहिनीनं घास तोंडात धरला आणि मोरीत जाऊन टाकून आली. तुझ्या पोराला बाप नाही राहिला, आणि आई कुणी भरवलेल्या चार घासांवर जिवंतपणी वाळत चालली होती. मला तुझ्यासाठी निवांत बसून रडायचं होतं रे, पण आधी हिला जेवायला कसं लावू, हे मला कळत नव्हतं.

तुझी ती अळंबी आणि माझा हा जिवाणू! आयुष्यभर भांडलो आपण यावरून, आणि तू गेलास तेव्हा दोघंही हजर.

आठवतं ना, ओढ्याकडच्या बांधावरचं वारूळ? मी परकरात होते. बाभळीखाली पांढरी टोकं वर आलेली पहिल्यांदा मला दिसली आणि मी बोट दाखवून ओरडले. तू माझ्या हातावर फाडकन मारलीस. "बोट दावलं की कुजती! मुडप आधी!" कोवळ्या काकडीला आणि दोडक्याला आई तसंच करायची, बोट मुडपून पेरानं दाखवायची. पण अळंबीचा तो नियम तूच काढलास, अशी माझी खात्री आहे. पुढं मी कॉलेजात शिकले, बारामतीला जिवाणू खतं बनवणाऱ्या लॅबमध्ये लागले, केस पांढरे झाले, तरी वारुळापाशी गेले की माझं बोट आपोआप मुडपतं.

तुझं अळंबीचं शास्त्र मात्र पक्कं होतं, हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आपल्या वारुळावर उगवलेली, उपटली की लांबलचक मूळ खाली वारुळात गेलेलं, तेवढीच घ्यायची. शेणखतावरची, लाकडावरची, रस्त्याकडची कितीही देखणी असो, तिला हात लावायचा नाही. पोरांनी दुसरीकडची आणली तर तू ती पायाखाली चिरडायचास. त्यामुळं तुझी चूक झाली असेल असं मला एक क्षणही वाटलं नाही. शिवाय त्या दिवशी त्याच पातेल्यातलं वहिनीनं खाल्लं, संतोषनं खाल्लं, कोंबड्यांनी उरलेलं खाल्लं. सगळे ठणठणीत. हे मी आत्याला सांगितलं तर म्हणाली, "त्याच्या वाट्याला तेवढी वाईट आली आसंल."

मी तुला एकदा सांगितलं होतं की वारुळात वाळवीच अळंबीची शेती करते. पाचट, काड्या चावून आत गादी घालते, त्यावर बुरशी वाढवते, ती खाते, आणि ती बुरशी पावसाळ्यात वर डोकं काढते ती तुझी अळंबी. एक नसेल तर दुसरी जगत नाही. तू डोकं खाजवलंस. मला वाटलं, चला, आज दादा हरला. तर म्हणालास, "मंजी वाळवीबी बागायतदारच की. पानी कुठल्या फाट्याचं घेती?"

आणि माझा जिवाणू तुला कधी पटलाच नाही. "जे दिसत न्हाय त्याचं काय खरं, मंदे?" मी आणलेल्या बाटल्या तू उसाच्या बेण्याला लावायचास, ऊस चांगला यायचा, आणि गावात सांगायचास की यंदा पाऊस बरा झाला. एकदा तुला लॅबमध्ये आणलं. सगळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तू नेमका उघडा ठेवायचा तो डोळा मिटलास आणि मिटायचा तो टेबलाकडं लावून बसलास. "दिसला का?" "दिसला की! व्हय व्हय. लई वळवळतुय." माझे सोबती तोंड फिरवून हसत होते. घरी येताना मोटरसायकलवर मागं वळून म्हणालास, "मला माझी पापनीच दिसली गं." इतके हसलो, की तुला गाडी कडेला घ्यावी लागली. दादा, ते हसणं आठवून मी काल बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं मला खिडकीची जागा दिली.

तुझा शेवटचा फोन त्याच भांडणाचा होता. "मंदे, यंदा टोपलं भरून आली. तुझ्या जिवाणूची भाजी व्हती का गं कंदी?" मी म्हटलं, दादा, दही कशानं लागतं मग? तू म्हणालास, "दह्याची कढी व्हती. भाजी न्हाय." आणि हसता हसता तुला खोकला आला. अंगात कणकण आहे म्हणालास. मी म्हटलं, गोळी घे आणि झोप. पायाचं तू बोलला नाहीस.

पायाचं तू कुणालाच बोलला नाहीस. उसाच्या रानात अनवाणी फिरताना धसकट घुसलं असणार. शुगरमुळं पाय निम्मा बधिर, तुला फारसं दुखलंही नसेल. मी आणून दिलेले गमबूट गोठ्यात टांगलेले होते, त्यातल्या एकात कोंबडी अंडी घालायची. जखम दिसली असती तर बुटांवरून मी बोलले असते, शुगरवरून वहिनी बोलली असती, म्हणून तू काय केलंस? संतोषचे क्रिकेटचे मोजे घातलेस. श्रावणात! सगळे हसले तुला. तू म्हणालास, गार लागतंय. खरंच लागत असेल, ताप भरला होता.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि घरातलं प्रत्येक माणूस एकच बोललं, अळंबी. गावातल्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी विषबाधेचं सलाईन लावलं. त्यांची काय चूक? आपणच ओरडत होतो. तो अख्खा दिवस सगळ्यांनी तुझ्या पोटाकडं बघितलं. पांढऱ्या मोज्यातला पाय गोधडीखाली सुजत होता, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. बारामतीला नेल्यावर तिथल्या नर्सनं मोजा कापला तेव्हा मी समोर होते. तांबडा पट्टा गुडघ्यापर्यंत चढला होता. मी याच विषयातली बाई, मला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी नंतर जिवाणूचं नाव सांगितलं, स्ट्रेप्टोकॉकस, तेव्हा मी नुसती मान हलवली.

हे बघ दादा, मी नीट तोलून सांगते, कारण आता तू मध्ये बोलू शकत नाहीस. तुझी अळंबी पावसाळ्यात येते, गाजावाजा करते, सकाळी टोपी, दुपारी छत्री, संध्याकाळी अळ्या. चार लोकांना दिसते म्हणून आळही तिच्यावरच येतो. जिवाणू बारा महिने हातापायावर, मातीत, ताटात असतो, अर्ध्या-पाऊण तासात एकाचे दोन होतो, आणि कुणी त्याचं नावही घेत नाही. माणूस मेलं तरी घेत नाही. भांडणात तू म्हणायचास ते खरंच होतं, जे दिसत नाही त्याचं कुणाला काही वाटत नाही. एवढी एक गोष्ट तू जिंकलास, पण अशी जिंकायला नको होतीस.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. मी मनात तयारी करून गेले होते. कावळा शिवला नाही की मोठ्यानं म्हणणार होते, दादा, वहिनीवरचा बोल मी पुसून टाकीन, तू जा. तर कावळा भटजी बाजूला व्हायच्या आत आला, भात घेऊन उडाला. सगळे म्हणाले, चांगला जीव, काही इच्छा उरली नव्हती. मला राग आला तुझा. बायको घरात उपाशी बसली आहे आणि याची इच्छा उरली नाही? भाताला सुद्धा घाई!

तेराव्यानंतर संतोषनं जेसीबीवाल्याला सांगितलं. वारूळ सपाट करायचं. "आत्या, मला त्या बांधाकडं बघवत न्हाय," मला म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. आणि शनिवारी लॅबमधला जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळून इंदापूरच्या एसटीत मांडीवर घेऊन निघाले. वहिनी सव्वा महिना घराबाहेर पडणार नव्हती, तेव्हा लॅबच घरी न्यावी लागली. कंडक्टर म्हणाला, मावशी, शिलाई मशीन का? मी हो म्हटलं. मला आणखी कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं.

फ्रीजमध्ये एका वाटीत दही होतं. तू आजारी पडलास त्याच्या आदल्या रात्रीचं, वहिनीनं लावलेलं, पार आंबून गेलेलं. त्यातलं टिपूस काचेवर पसरलं, वाळवलं, निळा रंग घातला. ओट्यावर उन्हाकडं आरसा धरला. मग आत गेले आणि वहिनीचा हात धरून तिला बाहेर आणलं. आत्या म्हणाली, "आता काय खेळ मांडलाय हिनं!"

वहिनीनं सुईत दोरा ओवताना मिटतो तसा एक डोळा मिटला. अगदी बरोबर मिटला, दादा, तुझ्यासारखी नाही. मग ती नळीवर वाकली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"निळं मणी हायत. पोत तुटल्यावर पडत्यात तसं. थोडं अजून दोऱ्यात हायत."

मी तिच्याजवळ टेकले. मग सांगितलं, वहिनी, हे तुझ्या दह्यातले जिवाणू. तू रोज विरजण लावतेस, हे रोज तुझं काम करतात. दादाच्या पायातून रक्तात गेले, ते यांच्याच भावकीतले. दिसायला असेच, मण्यांची माळ. भावकीत कसं, एक घर अडीअडचणीला धावून येतं आणि एक बांध कोरतं. तसं. अळंबीचंही तसंच आहे. तू रांधलेली चांगल्या घरची होती. तिनं काही केलं नाही.

"एवढ्याशानं?" वहिनी म्हणाली. "एवढा मोठा मानूस?"

"एवढ्याशानं."

"म्हंजी माझ्या भाजीनं न्हाय."

"नाही गं. पायानं."

मला वाटलं होतं, आता हिचा जीव हलका होईल. ती खांबाला टेकून बसली, हात बघत राहिली आणि म्हणाली, "मग वन्सं, मी पाय बगायला पायजे व्हता."

एवढ्या लांबून मशीन आणून मी काय केलं? एक धोंडा हिच्या छातीवरून काढला आणि दुसरा ठेवला. अळंबीचा आळ तरी खोटा होता. हे कसं खोटं म्हणायचं? आणि मग माझाच तोल गेला. मी ओरडले, "बघणार कशी होतीस तू? बघू दिला का त्यानं? मोजे घालून बसला होता ना!"

वहिनीनं मान वर केली. ओट्याच्या भिंतीवर तुझा नुकताच लावलेला फोटो, हार घातलेला, लग्नातल्या फेट्याचा. त्याच्याकडं तिनं बघितलं. आधी पुटपुटली, मग आवाज चढत गेला.

"काय वो? मोजं कशाला घातलं? मी काय मारलं असतं तुमाला? वराडले असते तर वराडले असते, कानावरनं वारं गेलं असतं नेहमीसारखं. रोज तर तेच करत व्हता! हळद लावली असती, गाडी करून नेलं असतं. दवाखान्यात जायला लाज वाटती, आन् लेकाचं मोजं घालून मिरवायला लाज न्हाय वाटली? सगळ्या गावाला पाटीभर अळंबी दावत हिंडला, आन् बायकूला एक पाय दावायला जड झाला? बोला की आता! का गप?"

आत्या लगबगीनं उठली. "अगं सुमन, गेलेल्या मानसाला असं..."

"तुमी गप बसा आत्या," वहिनी म्हणाली. "लई ऐकलं तुमचं."

दादा, आपल्या घरात आत्याला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तूसुद्धा नाही. आत्या खरंच गप बसली. वहिनी तुला बोलत राहिली. गमबुटांवरून बोलली, शुगरच्या गोळ्यांवरून, चोरून खाल्लेल्या गुळावरून, कधीच्या काळच्या जत्रेतल्या कसल्याशा गोष्टीवरून. बोलता बोलता रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा बोलायला लागली. तिचं हे पहिलं रडणं. इतके दिवस तिला रडायचाही हक्क वाटत नव्हता. मी तिच्याशेजारी बसून तुझ्या फोटोकडं बघत होते. तू हसत होतास, नेहमीसारखा, बोलणी खाताना.

मग ती उठली, तोंड धुतलं आणि संतोषला म्हणाली, "दूध हाय का रं घरात?" चहा टाकला. स्वतःचा कप भरून घेतला. पहिला घोट गिळताना तिचा गळा हलला तो मी बघितला. संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज आला तेव्हा मी गोठ्यात जाऊन पोटभर रडून आले. माझी पाळी आली होती शेवटी.

जेसीबीवाल्याला तिनंच फोन लावला. "येऊ नगा. त्या वारुळाचा काय गुन्हा?" आणि पुढच्याच आठवड्यात एक सर येऊन गेली आणि बांधावर पुन्हा अळंबी आली. फार नाही, ओंजळभर. संतोषनं आणली. वहिनीनं एकेक मूळ बोटानं चाचपून बघितलं, तू बघायचास तसं, आणि रस्सा केला. पहिली वाटी तुझ्यापुढं ठेवली. आत्या उंबऱ्यापाशी बसून नाक वर करून वास घेत होती. शेवटी म्हणाली, "वाईच रस्सा घाल मला. फोडी नकू." तिला फोडीही दिल्या. खाल्ल्या तिनं. गावात अजून तिच्यासारख्या बायका आहेत, त्या अजून तेच बोलतात, आणि मी आता समजावत नाही. वहिनी जेवते आहे, तेवढं मला पुरे आहे.

एक नवी गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. वहिनीनं आता घरात एक कायदा केला आहे. दिवेलागणीला संतोष रानातून आला की त्याला पायरीवर बसवते, पाय धुवायला लावते, आणि कंदिलासारखी बॅटरी जवळ धरून बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे, सगळं बघते. एवढा दाढीमिशांचा गडी, लाजून लाल होतो. "आई, सोड की." ती सोडत नाही. गमबुटातली कोंबडीही तिनं हाकलली आहे.

काल मी गेले. पिशवी ठेवली, पाणी प्याले, वाटलं आता वहिनी विचारील, कशा आहात, दमलात का. तर पायरीकडं बोट करून म्हणाली, "वन्सं, बसा. पाय दावा."

मी कुठल्या उसात जाते, दादा? बारामतीत लॅबच्या फरशीवर दिवस जातो माझा. तरी बसले. चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि दोन्ही पाय तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं ते मांडीवर घेतले, गार हातांनी टाचेच्या भेगा चाचपल्या आणि म्हणाली, "काय न्हाय. चांगलं हायत."

एवढाच वेळ लागतो रे दादा.